उपमान मोजून घ्यावे

मागल्या वर्षीच्या दिवाळी अंकात याच सदरात मी माझ्या आजोबांवर चार पाने लिहिली होती, हे नेहमीच्या वाचकांना कदाचित आठवत असेल. नसेल आठवत तर फारच उत्तम. त्या लेखात एक वाक्य होते: ‘आमचे आजोबा म्हणजे मॅमथ होते, हत्तीच्या दुप्पट, अंगभर केसाळ, आणि त्यांच्यामागे त्यांची जात पृथ्वीवर उरली नाही.’ हे वाक्य उतरल्यावर मी स्वतःवरच खूश होऊन चहाचा एक कप जास्त घेतला होता. लेख छापून आला, दोन-चार स्नेह्यांनी ‘छान जमलाय हं’ म्हटले, आणि मी ती गोष्ट विसरूनही गेलो.

संक्रांतीच्या सुमारास वाईहून एक पोस्टकार्ड आले. अजून पोस्टकार्ड लिहिणारी माणसे आहेत, आणि ती बहुधा निवृत्त शिक्षक असतात. हे गृहस्थ हायस्कुलात शास्त्र शिकवीत असत. अक्षर कित्त्यातल्यासारखे. मजकूर असा: ‘स. न. वि. वि. आपला लेख वाचला. मॅमथ हत्तीच्या दुप्पट नव्हता. साधारण हत्तीएवढाच होता. उपमा देण्यापूर्वी उपमान मोजून घ्यावे. जमल्यास उपमेयही. कळावे, लोभ असावा.’

आता माझा धंदाच उपमांचा. दर वर्षी जून-जुलैत मी कॉलेजातल्या पोरापोरींना उपमेय म्हणजे काय आणि उपमान म्हणजे काय हे फळ्यावर लिहून सांगतो. त्यामुळे हे कार्ड मला लागले. पहिला विचार आला तो वकिली स्वरूपाचा. ही उपमा नव्हेच, ही अतिशयोक्ती, असे गुरुजींना ठणकावून कळवावे! पण अतिशयोक्तीला अलंकार कधी म्हणतात? खरे माप काय आहे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही, तेव्हा. मला खरे माप ठाऊकच नव्हते. त्याला अलंकारशास्त्रात नाव नाही. व्यवहारात अज्ञान म्हणतात. मुकाट्याने कॉलेजच्या वाचनालयात गेलो. आमचे प्राणिशास्त्राचे सहकारी मराठीचा माणूस आपल्या कपाटाकडे वळलेला पाहून जरा चपापले, पण त्यांनी किल्ली दिली.

तेव्हा आधी माप. केसाळ मॅमथाचा पुरता वाढलेला नर खांद्यापाशी ९ ते ११ फूट उंच भरे आणि वजनाला ६ टनांपर्यंत जाई. मादी साडेआठ-नऊ फुटांची, सुमारे ४ टनांची. आपल्याकडचा मोठा नर हत्ती साधारण ९ फूट असतो. आफ्रिकेतला त्याहून वरचढ, दहा-साडेदहा फूट. म्हणजे देवळाच्या मिरवणुकीत जो हत्ती आपण पाहतो, त्याच्याहून मॅमथ फार तर हातभर उंच, आणि आफ्रिकेतल्या हत्तीशेजारी उभा केला तर खांद्याला खांदा. आमच्या बिऱ्हाडाचे छत साडेनऊ फुटांवर आहे. मध्यम बांध्याचा मॅमथ आमच्या बैठकीच्या खोलीत पाठीने छताचा रंग खरवडत का होईना, पण उभा राहिला असता. मी लिहिला होता त्या मॅमथाला वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला घराबाहेर काढावे लागले असते.

गुरुजींचे बरोबर होते. पण मग एक प्रश्न उरला, आणि तो माझ्या खात्यातला होता. इंग्रजीत ‘मॅमथ’ हे विशेषण होऊन बसले आहे. मॅमथ सभा, मॅमथ सेल, मॅमथ बहुमत! आपली वर्तमानपत्रेही ते वापरतात. जनावर हत्तीएवढेच, तर शब्द एवढा अवाढव्य कसा झाला?

त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. मूळ शब्द सैबेरियातला. तिथल्या मान्सी लोकांच्या भाषेत ‘जमिनीचे शिंग’ अशा अर्थाचा काही शब्द होता, त्यावरून रशियन ‘मामोंत’ आला असे मानतात. तिकडे नदीकाठच्या दरडी कोसळल्या की आतून हे सुळे निघत. लोकांनी सरळ हिशेब केला: जे जमिनीतून निघते ते जमिनीतच राहत असणार. घुशीसारखे बिळे करीत हिंडणारे एक प्रचंड जनावर, आणि उजेड लागला की मरणारे. म्हणूनच ते कुणाला जिवंत दिसत नाही. तर्क म्हणून यात खोट काढता येत नाही. पुढे १७९६ साली पॅरिसमध्ये कुव्हिए या तरुण शास्त्रज्ञाने हाडे आणि दाढा ताडून दाखवले, की हा हत्तीच्या कुळातला पण वेगळा प्राणी असून तो पृथ्वीवरून नाहीसा झालेला आहे. देवाने केलेली एखादी जात समूळ नाहीशी होऊ शकते, हे त्या काळी पचायला जड होते.

पण विशेषणाचा जन्म झाला तो अमेरिकेत. १८०१ साली चार्ल्स विल्सन पील नावाच्या चित्रकाराने न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतातून एक भलाथोरला सांगाडा उकरून काढला आणि फिलाडेल्फियातल्या आपल्या संग्रहालयात ‘मॅमथ’ म्हणून मांडला. लोक तिकिटे काढून लोटले. अध्यक्ष जेफरसनसाहेबांना तर या हाडांचे विलक्षण वेड. मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या लोकांनी १२३५ पौंडांचे एक चीज तयार करून १८०२ च्या नववर्षदिनी त्यांना नजर केले, त्याचेही नाव ‘मॅमथ चीज’ पडले. तिथून पुढे जे जे मोठे ते ते मॅमथ. आणि यातली मौज अशी, की पीलने उकरलेला तो सांगाडा मॅमथाचा नव्हताच! तो मॅस्टोडॉन नावाच्या दुसऱ्याच एका प्राण्याचा होता. म्हणजे विशेषण एकाच्या हाडांवरून घेतले आणि चिकटले दुसऱ्याला. भाषेच्या कारभारात असे नेहमीच होते, आणि त्याची दाद कुठेही लागत नाही.

खरोखरच दांडगा हत्ती हवा असेल तर तो आपल्याच घरी आहे, ही मला नव्याने कळलेली गोष्ट. नर्मदेच्या खोऱ्यात एका नामशेष हत्तीची अश्मीभूत हाडे सापडली. १८४६ साली त्याचे नाव ठेवले गेले, त्यात नर्मदेचे नाव आहे: ‘नामादिकस’. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरच्या परिसरात, गोदावरीच्या गाळातही त्याचे अवशेष मिळाल्याची नोंद १९०५ ची आहे. काही तुटक्या हाडांवरून त्याची खांद्याची उंची १५ फुटांच्याही वर जाते असा हिशेब मांडलेला आहे. तो सर्वांना मान्य नाही, पण बराच कमी केला तरच तो मॅमथाखाली जाईल. उपमान गोदाकाठी पडलेले असताना मी ते सैबेरियातून आणायला गेलो होतो.

असो. उंचीत मॅमथ हत्तीएवढा निघाला म्हणून मी हिरमुसलो होतो खरा; पण पुढे वाचू लागलो तसा उंचीचा विषय मागेच पडला. या जनावराची खरी कर्तबगारी मापात नाही, बांधणीत आहे. मूळचे घराणे आफ्रिकेतले, उन्हाळी देशातले. त्याने उत्तर ध्रुवाजवळच्या थंडीत संसार थाटायचा म्हणजे अंगावरची जवळजवळ प्रत्येक वस्तू बदलून घ्यावी लागली.

हत्ती उन्हात राहतो, त्याची पंचाईत अंगातली उष्णता बाहेर कशी टाकावी ही. म्हणून त्याचे कान सुपासारखे. त्यांत रक्त खेळते, तो ते हलवतो आणि अंग निवते. आफ्रिकेतल्या हत्तीचा कान माणसाच्या उंचीएवढा असतो. मॅमथाचा कान पुरत्या वाढलेल्या नराचा मोजला तो सव्वा फूट भरला. एवढ्या डोंगराएवढ्या डोक्याला एवढासा कान! पण थंडीत मोठा कान म्हणजे हिवाळ्यात उघडी ठेवलेली खिडकी. कातडीखाली तीन-चार इंच चरबीचा थर. कातडीवर बोटभर लांबीची दाट मऊ लव, आणि तिच्यावरून खाली सोडलेले राठ केस, कुठे कुठे तीन-तीन फूट लांब. हत्तीच्या कातडीत नसतात अशा तेलाच्या ग्रंथी मॅमथाच्या कातडीत होत्या. त्यांच्या तेलाने केस पाणी धरत नसत. चित्रांत आपण मॅमथ लालसर तांबूस पाहतो, तो रंग बराचसा जमिनीत हजारो वर्षे पडून केस विटल्याचा आहे. जिवंतपणी तो बहुधा गडद तपकिरी असे, कुणी फिकाही.

आकारातही हत्तीहून वेगळा. डोके घुमटासारखे उंच, मग मानेपाशी खोलगट, पुन्हा खांद्यावर उंचवटा, आणि तिथून पाठ मागे उतरत गेलेली. फ्रान्समधल्या रुफिन्याकच्या गुहेत आदिमानवाने दीडशेवर मॅमथ काढून ठेवले आहेत, त्यांत ही रेषा अचूक आहे. त्या चित्रकारांनी उपमान मोजून घेतले होते, असे म्हणायला हरकत नाही. चुकीचे मोजणारा चित्र काढायला परत आलाच नसता. सोंडेच्या टोकाला दोन ‘बोटे’: वरचे लांब, खालचे रुंद. आपल्या हत्तीला एकच असते. आखूड गवताची चिमूट उपटायला दोन बोटांची सोय बरी. आणि मॅमथ बर्फात राहत असे हा आणखी एक समज मला सोडावा लागला. तो राहत असे तो कोरड्या, थंड, विस्तीर्ण गवताळ माळावर. बर्फ खाऊन ६ टनांचा देह पोसत नाही.

दाढेचे तर मला फारच कौतुक वाटले. मॅमथाला जन्मभरात दाढांचे सहा संच येत. एक झिजला की मागून दुसरा सरकत पुढे येई. शेवटची दाढ सुमारे फूटभर लांब, आणि तिच्या माथ्यावर कठीण कंगोऱ्यांच्या २६ पर्यंत आडव्या ओळी. आपल्या आजीच्या घरी पाट्याला टाकी लावून घेत असत, तो नुकती टाकी लावलेला पाटा डोळ्यांपुढे आणा, तशीच दिसते. दिवसभर धुळीने माखलेले राठ गवत दळायचे म्हणजे असे दगडी काम हवेच. सहावा संच झिजला की पाटा संपला. साधारण साठीच्या आसपास म्हातारा मॅमथ दाताविना उपाशी पडे.

आणि रक्त. ही गोष्ट २०१० साली उजेडात आली. आपल्या रक्तातला तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो. पण तो प्राणवायू सोडायला त्याला थोडी उष्णता लागते. हातपाय गारठले की तो मूठ आवळून बसतो. हत्तीचेही तसेच. सैबेरियातल्या सुमारे ४३ हजार वर्षांपूर्वीच्या मॅमथाच्या हाडातून शास्त्रज्ञांनी त्या पदार्थाची कृती वाचून काढली, जंतूंकडून तो पुन्हा तयार करवून घेतला आणि तपासला. मॅमथाच्या पदार्थात अगदी थोडा फेरफार होता, आणि तेवढ्यामुळे तो थंडीतही मूठ सैल सोडत होता. म्हणजे पाय बर्फासारखे गार ठेवून छाती ऊबदार राखायची सोय. एवढे सगळे बदलूनही रक्ताचे नाते कुणाशी? तर आपल्याच हत्तीशी. आफ्रिकेतला हत्ती आपल्या हत्तीचा दूरचा भाऊबंद. मॅमथ त्याहून जवळचा. चुलत घराण्यात लोकरीचा कोट घालणारी शाखा ती.

आता कोटावरून. गुरुजींच्या कार्डातले ‘जमल्यास उपमेयही’ हे शब्द मी इतके दिवस डोळ्याआड करीत आलो होतो. यंदा दसऱ्याआधीच्या साफसफाईत आईने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढवली. डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला, आणि आतून आजोबांचा बंद गळ्याचा काळा लोकरी कोट निघाला. हा कोट माझ्या लेखात होता. लहानपणी एकदा रात्रीच्या एस. टी. ने घाट उतरताना मी कुडकुडत होतो, तेव्हा त्यांनी तो काढून माझ्यावर घातला, आणि मी त्यात डोक्यापासून पायांपर्यंत मावून वर उरला, असे मी लिहिले होते. तंबूसारखा, असा शब्दही वापरला होता.

आई म्हणाली, “घालून बघ की.”

मी घातला. खांद्यात अडकला. बाह्या मनगटाच्या चार बोटे वर राहिल्या. बटण लावायचा प्रश्नच नव्हता.

“आटलाय वाटतं,” मी म्हणालो.

“आटेल कसा? कधी पाण्यात घातला नाही. मामंजी काही फार उंच नव्हते रे. पाच फूट दोन-तीन इंच असतील. तूच एवढासा होतास.”

मी कोट काढून तिच्याकडे दिला. तिने तो झटकला, उन्हात टाकला. मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, “त्या रात्री एस. टी. तून उतरले तेव्हा फणफणले होते तापाने. छातीत कफ धरला. आठ दिवस अंथरुणात होते.”

हे मला ठाऊक नव्हते. चार पाने मजकुरात मी त्यांना हत्तीच्या दुप्पट केले, पण सदऱ्यावर बसून घाट उतरणाऱ्या पाच फुटांच्या माणसाला त्या रात्री थंडी वाजली असेल, हे माझ्या लेखणीला सुचलेच नव्हते.

त्या रात्री मी गुरुजींना पत्र लिहायला बसलो. चूक कबूल केली, मापे कळवली, कोटाचेही कळवले. आणि मग, चूक कबूल करणाऱ्या माणसाला जी खुमखुमी येते त्या भरात, इतरांनी केलेल्या चुकाही लिहिल्या. १७९९ साली लेना नदीच्या मुखाशी ओसिप शुमाखोव नावाच्या एवेंकी शिकाऱ्याला दरडीत अख्खा मॅमथ दिसला. त्याने सुळे विकले, ते घेणाऱ्या बोल्टुनोव या व्यापाऱ्याने जनावराचे एक चित्र काढले. तोवर सोंड कोल्ह्यालांडग्यांनी खाल्ली होती, त्यामुळे चित्रात साक्षात डुक्कर उतरले. १८०६ साली मायकेल अ‍ॅडम्स तिथे पोचला, सांगाडा आणि कातडे पीटर्सबर्गला नेले. तिथे आपल्या जातीच्या हत्तीचा सांगाडा शेजारी ठेवून, त्यावरून हाडे जुळवली. सगळे बरोबर जमले, फक्त सुळे डावे-उजवे बदलले गेले आणि टोके आत वळण्याऐवजी बाहेर फाकली. १९५१ साली न्यूयॉर्कला धाडसी प्रवाशांच्या एका क्लबाच्या मेजवानीत प्राचीन प्राण्याचे मांस वाढल्याचा गाजावाजा झाला. बातमी पसरली ती मॅमथाची म्हणून. कुणीतरी एक तुकडा बाटलीत जपून ठेवला होता. २०१६ साली तो तपासला, तर निघाले समुद्री कासव! शहाण्यासुरत्यांच्या या यादीत एका मराठीच्या मास्तराला कोपऱ्यात जागा मिळायला हरकत नसावी, असे मी लिहिले.

सुळ्यांचेही लिहिले. सर्वांत लांब मिळाला तो पावणेचौदा फुटांचा. पण लांबीपेक्षा मोलाचे आहे ते आतले. झाडाच्या खोडासारखी सुळ्यात वर्षावर्षाची वलये असतात, दिवसादिवसाचीसुद्धा. अलास्कातल्या १७ हजार वर्षांपूर्वीच्या एका नराचा सुळा उभा चिरून २०२१ साली त्याचे २८ वर्षांचे आयुष्य वाचले गेले. कुठल्या भागातले गवत तो केव्हा खात होता हे त्या वलयांतून निघाले. पृथ्वीला जवळजवळ दोन प्रदक्षिणा होतील इतका तो चालला होता. सोळाव्या वर्षाच्या सुमारास कळपातून बाहेर पडला असावा, आणि शेवटच्या हिवाळ्यात उत्तरेकडे उपासमारीने मेला. दैनंदिनी इतकी नेटकी माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

सर्वांत जास्त लिहिले ते ल्युबाविषयी. मे २००७ मध्ये यामाल द्वीपकल्पात युरी खुदी या रेनडिअरपालकाला नदीकाठी मॅमथाचे पिल्लू दिसले. नेनेत्स लोक मॅमथाला हात लावणे अशुभ मानतात. तो बिचारा सल्ला विचारायला गावाकडे गेला. परत येईतो कुणीतरी ते पिल्लू उचलून नेऊन दुकानदाराला विकलेही होते. मोबदला काय, तर बर्फावर चालणाऱ्या दोन मोटारगाड्या. दुकानाच्या भिंतीला टेकवून उभे केलेले ते सापडले. कुत्र्यांनी शेपटी आणि एक कान कुरतडला होता. बाकी पापण्यांच्या केसांसकट शाबूत. खुदीच्या बायकोचे नाव तिला दिले.

महिना-सव्वा महिन्याची पोर. उंची ८५ सेंटिमीटर, वजन ५० किलो. माझ्या मुलीने फूटपट्टी घेऊन आमच्या स्वयंपाकघरात खूण केली. ती बरोबर ओट्याच्या कडेला आली. मानेमागे चरबीचा गोळा, जन्मतःच थंडीची बेगमी. पोटात आईचे दूध होते. आतड्यात मोठ्या मॅमथाच्या शेणाचे अंश होते. हत्तिणीची पिल्ले आजही आईचे शेण चाखतात, गवत पचवणारे जंतू त्यातूनच पोटात जातात. म्हणजे पिल्लू धष्टपुष्ट होते, आईने सगळे वेळच्या वेळी केले होते. नदीकाठच्या चिखलात ती रुतली आणि सोंडेत, श्वासनलिकेत गाळ जाऊन गुदमरली. तिच्या अंगात ताकासारखा आंबटपणा आणणारे जंतू वाढले आणि त्या आंबटपणाने, लोणच्यातली फोड टिकावी तशी, ती सुमारे ४२ हजार वर्षे टिकली.

“आणि तिची आई?” मुलीने विचारले.

तिचे काही सापडलेले नाही, असे मी सांगितले. ती बराच वेळ ओट्याच्या कडेपाशी, त्या खुणेला हात लावून उभी होती.

शेवटच्या मॅमथांचेही पत्रात दोन ओळींत लिहिले, कारण शाई आणि धीर दोन्ही संपत आले होते. मुख्य भूमीवरून ते सुमारे १० हजार वर्षांपूर्वी गेले; हवामान पालटून गवताचे माळ आटले आणि माणसाचे भालेही होतेच. समुद्र चढला तेव्हा सैबेरियाच्या उत्तरेला रँगेल बेटावर काही अडकले, फार तर आठ असावेत असे त्यांच्या वंशजांची तपासणी सांगते. पुणे जिल्ह्याच्या निम्म्या एवढे ते बेट. त्या आठांचे दोन-तीनशे झाले आणि ६ हजार वर्षे तिथे नांदले. मोहेंजोदडोच्या गल्ल्यांतून गाड्या फिरत होत्या, गिझाचे पिरॅमिड बांधून जुने झाले होते, तेव्हा पृथ्वीवर मॅमथ जिवंत होते. चार हजार वर्षांपूर्वी ते एकाएकी संपले. अमेरिकेतल्या एका कंपनीने त्यांना पुन्हा आणण्याचा विडा उचलला आहे. २०२५ साली त्यांनी मॅमथासारखे लांब केस असलेले उंदीर तयार करून दाखवले. उंदीर गोड दिसतात. पण ज्याला आईने कळपातून हिंडवायचे, शेण चाखवायचे, चिखलातून ओढून काढायचे, ते पिल्लू कुणाच्या पाठोपाठ चालणार, हे मला कळत नाही. गुरुजींना कळत असल्यास त्यांनी कळवावे, अशी विनंती करून मी पत्र संपवले. सात पाने झाली होती.

आठव्या दिवशी कार्ड आले. तेच कित्त्याचे अक्षर.

‘स. न. वि. वि. पत्र पावले. उंची, केस, कान, दाढा, सुळे यांची मापे ठीक. कोटाचे वाचून समाधान वाटले. पिल्लाच्या पाठोपाठचा प्रश्न मलाही सुटत नाही. मात्र आपण वर्णिलेल्या मॅमथास शेपूट दिसत नाही. तीही कुत्र्यांनी नेली काय? कळावे, लोभ आहेच.’

संपादकांकडे हा लेख जाण्यास दोन दिवस उरले आहेत, तेव्हा नोंद इथेच करतो. मॅमथाची शेपूट आखूड होती, फूट-सव्वा फुटाची. तीत मणके २१. आजच्या हत्तीच्या शेपटीत २८ ते ३३ असतात. टोकाला राठ लांब केसांचा झुबका, आणि शेपटीच्या मुळाशी कातडीची एक रुंद झडप, थंडी मागच्या दाराने आत शिरू नये म्हणून.